समुद्रपूरची चूल

समुद्रपूरला समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. २०२४ च्या आश्विनात मी तिकडे निघाले आहे असे कळताच आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी मला पहिला प्रश्न विचारला तो, "मग काय, मासळी अगदी ताजी मिळत असेल, नाही?" असा! त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? गावाचे नावच असे, की दादरच्या माणसाच्या नाकाला खारा वारा लागावा. प्रत्यक्षात हे तालुक्याचे गाव वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय अंगाला, समुद्रापासून शेकडो मैल आत, काळ्या कपाशीच्या जमिनीत बसलेले आहे. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा मोठा रस्ता जामवरून जातो. त्या जामपासून समुद्रपूर अगदी जवळ. पण वाहने हिंगणघाटकडे किंवा चंद्रपूरकडे भरधाव निघून जातात आणि समुद्रपूरला जायचे तो माणूस तेवढा जामला उतरतो.

प्रवासवर्णनात ज्याला 'प्रेक्षणीय' म्हणतात असे गावात फारसे काही नाही. तालुक्यात आहे ते गिरड. तेथल्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे आणि त्या टेकडीवर गोल गोल दगडी गोटे सापडतात. कथा अशी सांगतात की, दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा नारळ-सुपारीचा सगळा माल जागच्या जागी दगड होऊन गेला. माझ्या मुठीत मावेल असा एक गोटा मी उचलून पाहिला आणि परत ठेवला. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला काही वेगळे नाव देतात. पण भरलेला माल असा एकाएकी निरुपयोगी दगड व्हावा ही कल्पना माझ्या डोक्यात राहिली, आणि दुसऱ्याच दिवशी तिची आठवण होण्याचा प्रसंग आला. तो पुढे सांगते.

मी गेले होते माझ्या मावसबहिणीकडे. आम्ही सगळी तिला आक्का म्हणतो. गाव तिला 'बाई' म्हणते, कारण तिने पस्तीस वर्षे त्या भागातल्या शाळांतून मुलांना शिकवले. निवृत्त झाल्यावर मुलाकडे पुण्याला न जाता ती तेथेच राहिली. तिने फोनवर मला बजावले होते, "येताना वर्ध्याला मगनवाडी बघून ये. नाहीतर इथे आल्यावर मी काय बोलते ते तुला कळायचं नाही."

तेव्हा आधी मगनवाडी. १९३४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे ठाणे वर्ध्याच्या या बागेत पडले. मगनलाल गांधींच्या नावावरून तिचे नाव मगनवाडी. येथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी १९३८ साली केले. ग्रामोद्योग संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडचे, विलायतेत हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले. मुंबईत त्यांचा हिशेब तपासण्याचा चांगला व्यवसाय चालला होता. असा माणूस वर्ध्याच्या उन्हात येऊन बसला आणि खेड्यातल्या बाईच्या खर्चाचा हिशेब तपासू लागला. त्या हिशेबात त्यांना पहिल्यांदा काय खटकले असेल, तर रॉकेल! शेतकरी तेलबिया पिकवतो, त्या विकतो आणि दिव्यासाठी परदेशी कंपनीचे तेल विकत आणतो. म्हणजे गावातला पैसा रोज रात्री चिमणीच्या वातीवाटे गावाबाहेर जातो. म्हणून मगनवाडीत गोड्या तेलावर चालणारा एक कंदील तयार झाला. त्याचे नाव मगन-दीप. गावच्या घाणीतले तेल, गावचा दिवा. तेथेच घाणीही सुधारली आणि धूर बाहेर नेणारी मगन-चूलही बनवली.

हा दिवा टिकला नाही. रॉकेल स्वस्त पडले, उजेड जास्त पडला, आणि पुढे विजेचा गोळा आला तेव्हा सगळेच कंदील माळ्यावर गेले. आक्काचे म्हणणे असे की, दिवा हरला तरी हिशेब चुकला नव्हता. पैसा जातो कुठे, हे कुमारप्पांनी विचारले. तो येतो कधी, हेही आता विचारायला हवे. तिचे हे दुसरे वाक्य मला तेव्हा कळले नाही. समुद्रपूरला चार दिवस राहिल्यावर कळले.

वर्ध्याच्या स्टेशनावर मी चहा घेत उभी असताना समोरून कोळशाची मालगाडी गेली. डबे मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिले. या रुळांच्या दक्षिणेला वरोरा-चंद्रपूरच्या खाणी आहेत आणि चंद्रपूरला २९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथून निघून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची एक उच्चदाबाची वीजवाहिनी गेलेली आहे. १९९९ च्या सुमारास ती सुरू झाली. म्हणजे आम्ही दादरला रात्री वाचत बसतो तो उजेड थोडाफार इकडचा! आम्हांला ते कधी सुचतसुद्धा नाही. बटण दाबले की दिवा लागतो, आणि बिल महिन्यानंतर येते.

आक्काचे घर गावाच्या कडेला आहे. पुढे अंगण, मागे लिंबाचे झाड. सोयाबीन निघाले होते, कपाशीची बोंडे फुटू लागली होती. वेचणी सुरू करण्यापूर्वी शेतात सीतादही करतात. ते करून आलेल्या दोघी-तिघी बाया संध्याकाळी प्रसाद द्यायला आक्काकडे आल्या. त्यांतली एक मागे रेंगाळली. पंचेचाळिशीची असेल. नवरा गेलेला, मुलगा हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला, मुलगी दहावीत. स्वतः दुसऱ्याच्या वावरात मजुरीने जाते. आक्काने तिला सांगितले, "ही माझी बहीण मुंबईची. हिला तुझी चूल पाहायची आहे."

मी अगदी ओशाळले. कोणाची चूल अशी पाहायला जातात का? पण बाई हसून म्हणाली, "या ना जी मावशी. चुलीत काय पाहाचं? धूरच हाये."

कवेलूचे घर. एक खोली, तिला लागून पडवी. पडवीत चूल, आणि चुलीशेजारी लाल सिलिंडर. त्याच्यावर एक जुने वर्तमानपत्र अंथरलेले, वर्तमानपत्रावर पितळेचा गुंड. मला वाटले, पाण्याचे भांडे ठेवायला मुद्दाम केलेली तिवई आहे. "हे रिकामं हाये जी," ती म्हणाली, "पोळ्यापासून." गिरडच्या दगडांची मला आठवण झाली ती येथे.

चूल पेटलेली होती. जळत होत्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस निघून गेल्यावर राहणाऱ्या वाळक्या काड्या. ज्यांनी कधी पऱ्हाट्यांवर स्वयंपाक केला नाही त्यांना सांगते: त्या भडकन पेटतात आणि भडकन विझतात. बाभळीचे लाकूड लावून बाईला दुसऱ्या कामाला उठता येते. पऱ्हाट्या लावल्या की चुलीसमोरून हलता येत नाही, सारखी एकेक काडी आत सारावी लागते. तुरीच्या तुराट्या त्या मानाने बऱ्या. आणि आता त्या पऱ्हाट्यांचीही पंचाईत आहे. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडते. तिचे कोश या काड्यांत राहून पुढच्या पिकावर येतात, म्हणून पऱ्हाट्या बांधावर किंवा घराशी साठवू नका, त्यांचा भुगा करा, असे कृषिखाते सांगते. खाते बरोबरच सांगते. पण वर्षभराचे फुकटचे इंधन असे एका सल्ल्याने नाहीसे होते, तेव्हा त्या जागी काय जाळायचे हे त्या सल्ल्यात नसते.

मी विचारले, "गॅस आहे, मग भरत का नाही?"

"भरतो ना जी. पण एकदम साडेआठशे रुपये कोठून आणाव? दोनशे-दोनशे करून भरता आला असता त रोज भरला असता."

भिंतीवर कोळशाने पाच रेघा ओढलेल्या होत्या. मुलगी म्हणाली, "आईनं गॅस आणला का एक रेघ." वर्षात पाच. गॅस केव्हा पेटवायचा याचे त्या घरात ठरलेले नियम होते: पहाटेचा चहा, घरी पाहुणा आला तर, कोणी आजारी पडले तर, आणि मुलीची परीक्षा असेल तर. बाकी सगळे चुलीवर. माझ्यासाठी चहा करायला ती गॅसची शेगडी पुसू लागली आणि मग तिच्याच लक्षात आले की सिलिंडर रिकामे आहे. दोघीही हसलो, पण मला हसू आले ते फार बरे वाटले नाही.

येथे थोडे आकडे सांगणे भाग आहे. वाचकांनी कंटाळू नये. हे आकडे स्वयंपाकघरातलेच आहेत. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावाने गॅसची जोडणी मिळू लागली. त्यांतली आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) दिली गेली. एवढ्या थोड्या काळात एवढी सिलिंडरे खेडोपाडी पोचली, हे काम लहान नव्हे. त्याचे कौतुक मोकळ्या मनाने केले पाहिजे. पण देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१९ साली हिशेब पाहिला, तेव्हा या घरांत वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच भरली जात होती. सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ साली ही सरासरी ४.४७ वर गेली. आपल्या घरी चार-पाच माणसांना एक सिलिंडर किती दिवस पुरते, ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. बाकीचे महिने चूल पेटते. चुलीचा धूर काय करतो हेही आता लपून राहिलेले नाही: घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

मदत नाही असेही नाही. मे २०२२ पासून उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे २०० रुपये, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये केंद्राने देऊ केले. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढली: वर्षाला तीन सिलिंडरांचे पैसे परत. मग रेघा पाचच का?

"परत" या शब्दात उत्तर आहे. सिलिंडर घेताना पूर्ण किंमत आधी मोजायची. मदत मागाहून बँकेतल्या खात्यावर येते. कधी आठवड्याने येते. कधी खात्याला आधार जोडलेले नसते, अंगठा पुन्हा द्यावा लागतो आणि एक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभे राहावे लागते. साडेआठशेतले तीनशे किंवा सगळेच्या सगळे पुढे परत मिळणार असले, तरी आज साडेआठशे हातात पाहिजेत. ज्या बाईच्या हातात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजुरी पडते आणि त्याच संध्याकाळी तेल-मिठात जाते, तिच्याजवळ साडेआठशे एकरकमी असतात कधी? सोयाबीन कापणीच्या वेळी आणि कापसाच्या वेचणीत. म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. नेमके तेव्हा शेतात काड्या वाळलेल्या असतात आणि चूल चांगली पेटते. आषाढ-श्रावणात झड लागते, काड्या भिजतात, पडवीत धूर कोंडतो. गॅसची खरी गरज तेव्हा. आणि तेव्हाच निंदणाशिवाय काम नसते, घरातला पैसा बियाण्या-खतापायी मातीत गेलेला असतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा आधारभाव ४८९२ रुपये क्विंटल जाहीर झाला होता. बाजारात त्याहून बराच कमी मिळाला. शेतकऱ्याच्या हातात कमी आले की मजुरिणीच्या हातात त्याहून कमी येते.

आणि आम्ही? आमच्या इमारतीत नळाने गॅस येतो. दोन महिने जाळायचा, मग बिल यायचे, मग पंधरा दिवसांच्या मुदतीत सावकाश भरायचे. ज्यांच्याजवळ पैसे आहेत त्यांना उधारी, आणि ज्यांच्याजवळ नाहीत त्यांना रोख! मी हे आक्काला बोलून दाखवले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी तुला मगनवाडी बघून ये म्हटलं ते याचसाठी. हिशेब करायची सवय लागते."

माझी भाची शिकागोला असते. तिकडे हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचे बिल गरिबांना परवडत नाही. त्यासाठी १९८१ पासून केंद्र सरकारची एक योजना आहे. तिचे पैसे बहुधा थेट गॅसच्या किंवा विजेच्या कंपनीकडे जातात आणि बिलातून वजा होतात. हे सांगितल्यावर आक्का म्हणाली, "म्हणजे बाईला आधी भरावे लागत नाहीत. बरं आहे की." मग जरा थांबून म्हणाली, "पण खात्यात पैसे येतात तेही वाईट नाही हो. बाईच्या नावावर येतात, नवऱ्याच्या हातात पडत नाहीत. मधल्या मधे कोणी खात नाही. फक्त आधीचे साडेआठशे..." ते वाक्य तिने पुरे केले नाही.

दुसरी गोष्ट विजेची. २०१७ च्या सौभाग्य योजनेत ज्या घरांत वीज नव्हती तेथे तारा गेल्या. या बाईच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महाराष्ट्रात विजेचा वेगळा, स्वस्त दर आहे. पण तो महिन्याला ३० युनिटांच्या आत राहणाऱ्यांना. आता हिशेब करा. ७५ वॉटचा साधा पंखा दिवसाला दहा तास फिरला की महिन्याला साडेबावीस युनिटे गेली. दोन दिव्यांची तीन धरा. उरली चार-पाच. येथे वैशाखात पारा ४५-४६ अंशांपर्यंत चढतो. रात्री भिंतीसुद्धा भाजतात. विदर्भात कूलर ही चैन नव्हे. मुलीला दम लागतो म्हणून या बाईने मागच्या उन्हाळ्यात एक जुना कूलर घेतला. दोनशे वॉटचा कूलर दहा तास चालला की महिन्याला साठ युनिटे. स्वस्त दराची हद्द पार झाली, बिल वाढले, थकले, आणि कूलर मृगाच्या आधीच पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. आता त्यात कोंबड्या बसतात.

खरे म्हणजे याला एक साधा उतारा आहे. नव्या तऱ्हेचे जे पंखे निघाले आहेत ते तीस वॉटच्या आसपास वीज घेतात. तोच वारा, महिन्याला नऊ युनिटे. बिल माफ करण्यापेक्षा गरिबाला असा एक पंखा द्यावा, असे मला राहून राहून वाटते. पण तो अडीच-तीन हजारांना पडतो, आणि पुन्हा गाडी एकरकमी पैशांपाशी येऊन थांबते. छतावरच्या सौरविजेचेही तसेच. २०२४ साली केंद्राने आणि २०२५ साली राज्याने त्यासाठी अनुदाने जाहीर केली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॉटसाठी केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० रुपये, घरमालकाने घालायचे फक्त अडीच हजार, अशी ती राज्याची योजना. योजना चांगली आहे. कवेलूच्या छताने तो भार कसा पेलावा हा प्रश्न त्या बाईने मला विचारला नाही. मीच छताकडे पाहिले.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी एक चूक केली. पर्समधून दोन हजार रुपये काढून बाईच्या हातावर ठेवू लागले. म्हटले, दिवाळीला दोन सिलिंडरे होतील. तिने हात मागे घेतला. रागाने नव्हे.

"पैसे नका देऊ, मावशी. तुमी काय दरसाल येता जी?"

मला उत्तर सुचेना. तिचे बरोबर होते. सिलिंडर एकदा भरून संपणारे. दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रिकामे होणारे. मी एकदा द्यायचे, मग मुंबईला जाऊन लोकांना सांगायचे, आणि श्रावणात तिने पुन्हा ओल्या पऱ्हाट्या फुंकायच्या. आक्का म्हणाली, "आज संध्याकाळी गटाची बैठक आहे. तिथे चल. द्यायचेच असतील तर तिथे बोल."

बचत गटाची बैठक मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात होती. अकरा बाया. प्रत्येकीचे महिन्याला शंभर रुपये जमा होतात. त्यातून आजारपण, बियाणे, मुलाची फी अशी कर्जे देतात. आक्का सभासद नाही, ती फक्त वही लिहिते. त्याच श्रावणात असे झाले होते की, आठ दिवस झड थांबेना आणि या बाईच्या मुलीला दम्याने उठवेना. डॉक्टरांनी सांगितले, पोरीला धुरात बसवू नका. घरी सिलिंडर रिकामे. आधीच्या सिलिंडरचे पैसे खात्यात आलेले नाहीत. हातात चारशे रुपये. ती रात्री आक्काकडे आली. आक्काने पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी गटासमोर विषय काढला. तेव्हापासून गटाच्या पेटीत एक वेगळा डबा झाला. लाडवांचा पत्र्याचा जुना डबा. त्याच्यावर कोणी तरी खडूने 'गॅस' असे लिहिले आहे. सिलिंडर भरायला पैसे यातून घ्यायचे. सरकारचे पैसे खात्यात आले की परत टाकायचे, आणि उरलेले सोयाबीन-कापसाच्या दिवसांत फेडायचे. व्याज नाही. पैसे फक्त सिलिंडरलाच, आणि पावती आणून दाखवायची.

डबा उघडला तेव्हा त्यात अठराशे रुपये होते. म्हणजे फार तर दोन सिलिंडरांचे. बाया अकरा.

मी माझे दोन हजार या डब्यात घालावेत असे आक्काने सुचवले. त्यावर चांगला वाद झाला. एक वयस्क बाई ठामपणे म्हणाली, "बाहेरचा पैसा आला का डब्याची किंमत जाते. मग कोणी फेडत नाई." दुसरी म्हणाली, "फुकट कायले घेता? उसने घ्या ना." शेवटी ठरले की घ्यायचे, पण देणगी म्हणून नव्हे. ठेव म्हणून. पुढच्या दिवाळीला परत. आक्काने वहीत माझे नाव लिहिले आणि मला सही करायला लावली. मी आजवर पुष्कळ ठिकाणी पावत्या घेतल्या आहेत. सभामंडपातल्या जात्यावर वही ठेवून केलेली ही सही मला चांगली आठवते, कारण आक्काने मी 'रुपये दोन हजार' असे अक्षरी लिहिले नाही म्हणून ते पुन्हा लिहायला लावले. मास्तरीण ती मास्तरीणच!

सभा संपल्यावर एकीने लहान सिलिंडरची गोष्ट काढली. उज्ज्वलाच्या बायकांना मोठ्याऐवजी पाच किलोचे सिलिंडर घेता येते. एका वेळी कमी पैसे लागतात. दोघी-तिघींना हे माहीतच नव्हते. एकीला माहीत होते, पण मागायला गेली तेव्हा ते शिल्लक नव्हते. आक्काने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले: चौकशी करणे.

परतीच्या वाटेवर मी जामला उतरून नागपूरची गाडी धरली. वाटेत शेतांतून बाया वेचणी करीत होत्या. कमरेला ओट्या बांधलेल्या, पाठीमागे पांढऱ्या ढिगांवर लहान मुले लोळत होती. बोरखेडीच्या पुढे कुठेतरी पुन्हा एक कोळशाची मालगाडी दिसली. त्या वेळी मी डबे मोजले नाहीत.

मुंबईला पोचल्यावर नळाच्या गॅसचे बिल दारात पडलेले होते. मुदतीला बारा दिवस बाकी होते.

२०२५ च्या भाद्रपदात आक्काचा फोन आला. तिने नेहमीप्रमाणे आधी हवापाणी सांगितले, मग हिशेब. डब्यातून त्या वर्षात चौदा सिलिंडरे भरली. बारांचे पैसे परत आले, एकीचे अर्धे, आणि एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे ती आल्यावर देणार आहे. पाच किलोचे सिलिंडर दोघींनी बदलून घेतले. पडवीतल्या त्या भिंतीवर आता सात रेघा आहेत. मुलगी दहावी झाली, हिंगणघाटला अकरावीला जाते. "आणि हो," आक्का म्हणाली, "तुझे दोन हजार दिवाळीला परत पाठवायचे, असं गटात ठरलंय. खाते नंबर कळव."

मी म्हटले, "अगं, राहू देत की अजून एक वर्ष."

"तसं चालत नाही," ती म्हणाली. "आधी परत घे. मग पुन्हा ठेवायचे तर इथे ये, आणि वहीत सही कर."